कानशीची खूण

आरसा जरा तिरका धरून श्यामकांत टिपणिसांनी टॉर्चचा झोत गाडीच्या इंजिनातल्या पेट्रोल पंपाच्या खालच्या कडेवर पाडला. खूण नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, आरसा पुसला, पंपाची कडही फडक्याने पुसली आणि पुन्हा वाकून पाहिलं. गेल्या दिवाळीत याच कडेवर, सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, त्यांनी स्वतःच्या हाताने तिकोनी कानशीच्या दोन बारीक रेघा ओढल्या होत्या. आता तिथे नुसता गुळगुळीत धातू होता.

"माझा आरसा द्या बघू आधी," वनमालाबाई तळमजल्याच्या खिडकीतून म्हणाल्या. "केस तसेच राहिलेत. शाळेला उशीर होतोय मला."

"पंप बदलला त्याने," टिपणीस म्हणाले.

"गाडी चालतेय ना?"

"चालतेय. पूर्वीपेक्षा छान चालतेय. तेच तर."

लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर अशा वेळी फक्त हात पुढे करायचा असतो, तो वनमालाबाईंनी केला आणि आरसा घेऊन त्या आत गेल्या.

टिपणीस एका विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासण्याच्या विभागात होते. कोणाची गाडी कुठे ठोकली, खरंच ठोकली का, गॅरेजवाल्याने नवा म्हणून लावलेला दिवा भंगारातून उचललेला तर नाही, हे पाहायचं त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांनी इतके खोटे कागद पाहिले होते की खरा कागद पाहिला की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई. संशय हा काही त्यांचा मूळचा स्वभाव नव्हता. पण नोकरी माणसाच्या अंगात मुरते. भाजीवाल्याच्या पारड्याखाली ते बोट घालून पाहत. पार्ल्याच्या त्यांच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुतली गेली की शिडीवर चढून खात्री करून घेणारे तेच.

असा माणूस जुन्या परदेशी गाडीच्या नादाला का लागावा, हे एक कोडंच. पण शौक अक्कल विचारून येत नाही. १९८१ साली वांद्र्याचा एक निवृत्त कॅप्टन मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाला आणि त्याची एकसष्ट सालची फिकट निळी फोक्सवॅगन टिपणिसांनी घेतली. घेण्याआधी तीन महिने त्यांनी कॅप्टनची उलटतपासणी केली. त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं सर्व्हिसचं जर्मन पुस्तक, कस्टमची पावती, वीस वर्षांपूर्वीचं हँबर्गच्या डीलरचं पत्र, सगळं पुढे ठेवलं. कागद अस्सल होते. कागद अस्सल म्हणजे गाडी अस्सल, असं टिपणिसांच्या खात्यात मानतात. गाडी दारात आली तेव्हा सोसायटीतली पोरं पुढचं झाकण उघडून ओरडली की काकांच्या गाडीचं इंजिन चोरीला गेलंय. इंजिन मागे असतं हे त्यांना समजावण्यात टिपणिसांचा पहिला आठवडा फार आनंदात गेला.

आनंद टिकवायचा तर राखण हवी. मुंबईत परदेशी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला एकच धसका असे: मेकॅनिक अस्सल पार्ट काढून घेतो आणि देशी बसवून देतो. यावर ज्याचा त्याचा उपाय होता. ओपेलवाले डॉक्टर चंद्रप्रकाश नेरूरकर पार्टांना बायकोचं नेलपॉलिश लावत. मॉरिसवाले जयंतीभाई काम चालू असेपर्यंत गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसत, डबाही तिथेच खात. टिपणिसांनी कानस घेतली. मागच्या झाकणाखालच्या प्रत्येक सुट्या भागावर, आडजागी, दोन रेघा. कोणत्या भागावर, कुठे, कोणत्या तारखेला, हे एका वहीत. एकूण एकतीस खुणा होत्या. चौऱ्याऐंशीत कॉइलवरची खूण गेली. त्याच वर्षी पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरवरची. पंच्याऐंशीत कार्बोरेटरची. आणि आता शहाऐंशीच्या जानेवारीत पंपाची.

चारही वेळा गाडी एकाच माणसाच्या हातात होती. गुंदवलीच्या दत्ताराम परुळेकरच्या.

दत्ताराम पंचावन्नच्या पुढचा, वाळकुडा, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस. गावदेवीला परदेशी गाड्यांचं एक मोठं वर्कशॉप होतं, तिथे तो पंचवीस वर्षं होता. ते बंद पडल्यावर त्याने गुंदवलीला रानबदामाच्या झाडाखाली पत्रे टाकून स्वतःचं काम सुरू केलं. बोलणं बेताचं, तेही मालवणीत. अंधेरी ते बोरिवलीपर्यंतच्या शौकीन लोकांच्या दहा-बारा गाड्या त्याच्याकडे येत आणि त्यांवरच त्याचं घर चाले. टॅक्सीवाले त्याच्याकडे फिरकत नसत, कारण तो फार वेळ लावी. टिपणिसांनी पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा शर्टाच्या खिशावर हात ठेवून सांगितलं होतं, "दत्ताराम, शेवटच्या स्क्रूपर्यंत ओरिजिनल आहे हो. देशी काही लागू देऊ नकोस." दत्तारामने मागचं झाकण उघडलं, बराच वेळ पाहिलं, मग टिपणिसांच्या तोंडाकडे पाहिलं आणि झाकण लावलं. "गाडी बरी आसा," एवढंच तो म्हणाला होता.

पहिली खूण गेली तेव्हाच टिपणीस का बोलले नाहीत, असं कोणी विचारील. पण दाव्यांच्या खात्यात अर्धवट पुराव्यावर माणूस धरत नाहीत. त्याला मोकळं सोडायचं, सरावू द्यायचं, मग धरायचं. शिवाय फोक्सवॅगनचं इंजिन कळणारा दुसरा जवळपास नव्हता. टिपणीस गाडी नेत राहिले, हसून बोलत राहिले आणि घरी आल्यावर आरसा घेऊन वाकत राहिले. दत्ताराम बिलात कधी पार्ट लावत नसे, नुसती 'साफसफाई' लिही. हे तर टिपणिसांना सगळ्यांत जास्त खटकलं. जो फुकट काम करतो तो दुसरीकडून वसूल करतो, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

पंपाची खूण गेली त्या आठवड्यात ते दुपारी ऑफिसातून निघून गुंदवलीला गेले. दत्ताराम नव्हता. शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या सोनूबाईने सांगितलं की तो साकीनाक्याला गॅस्केट आणायला गेलाय, येईलच, बसा. टिपणीस बसले नाहीत. त्यांनी शेडमध्ये एक चक्कर मारली, ऑइलच्या पिंपामागे पाहिलं. तिथे एक गोणपाटाची पिशवी होती. वर जुना टायर ठेवलेला. म्हणजे लपवलेलीच.

पिशवीत कॉइल होती, डिस्ट्रिब्युटर होता, कार्बोरेटर होता, पंप होता. टिपणिसांनी एकेक वस्तू उलटी केली. दोन रेघा. दोन रेघा. दोन रेघा. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला होता. दोन वर्षं मनात पाळलेला संशय खरा निघण्यासारखं दुसरं सुख नाही.

पिशवी खांद्याला लावून ते निघाले तेव्हा सोनूबाईने विचारलं, "साहेब, तां काय न्हेतास?"

"माझंच आहे," टिपणीस म्हणाले.

रविवारी सकाळी हे सगळे शौकीन जुहू-पार्ले स्कीममधल्या मैदानाच्या कडेला जमत. गाड्या ओळीने लावायच्या, एकमेकांची क्रोमची पट्टी पुसून बघायची, हँबर्गहून जहाजावरच्या कोणाकडून काय मागवता येईल याच्या गोष्टी करायच्या. गाडी चालवण्यापेक्षा गाडीशेजारी उभं राहण्यात यांचा जास्त वेळ जाई. या मंडळीत टिपणिसांचा मान होता, कारण एकही देशी पार्ट नसलेली गाडी फक्त त्यांची होती. डॉक्टर नव्या माणसाला सांगत, "अस्सल म्हणजे काय ते बघायचं असेल तर टिपणिसांची बघा."

त्या रविवारी टिपणिसांनी कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरलं, चारही पार्ट मांडले आणि वही उघडली. डॉक्टरांनी भिंग काढलं. जयंतीभाईंनी भिंगाशिवायच पाहिलं. खुणा वहीत लिहिलेल्या जागी बिनचूक होत्या. सगळ्यांनी खुणा पाहिल्या आणि सगळ्यांची तोंडं गंभीर झाली. मग जो तो आपापल्या गाडीचं आठवू लागला. डॉक्टरांना वाटलं, आपल्या ओपेलचा डायनॅमो हल्ली वेगळाच आवाज करतो. जयंतीभाई म्हणाले, आपण पाणी प्यायला उठलो तेवढ्यात काय काय झालं असेल कोण जाणे. अर्ध्या तासात मंडळींच्या हिशेबात दत्तारामने पंधरा-वीस गाड्या लुटल्या होत्या.

तीन गाड्या गुंदवलीला गेल्या. दत्ताराम रविवारचाही शेडमध्ये असे. तो एका जुन्या फियाटच्या खालून सरपटत बाहेर आला, हात पुसत उभा राहिला. टिपणिसांनी पिशवी त्याच्या पायाशी ठेवली.

"हे माझ्या गाडीचे पार्ट ना?"

दत्तारामने पिशवीत डोकावून पाहिलं. "होय. तुमच्याच गाडीचे."

"तू काढलेस?"

"होय. मीच काढलंय."

"मग गाडीत काय आहे आता?"

दत्तारामने तोंड उघडलं. मग त्याची नजर डॉक्टरांवर गेली, भिंगावर गेली, जयंतीभाईंवर गेली आणि परत टिपणिसांवर आली.

"गाडीत जां आसा तां बरां आसा, साहेब," तो म्हणाला.

"हे उत्तर झालं?" डॉक्टर म्हणाले.

टिपणिसांनी दत्तारामला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तो जमिनीकडे पाहत राहिला. सोनूबाई टपरीतून पुढे आली होती. तिच्याकडे पाहून त्याने मानेनेच 'तू जा' म्हणून खुणावलं. टिपणिसांनी असे गप्प राहणारे शेकड्याने पाहिले होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पोलिसात जायचं की नाही यावर वाटेत चर्चा झाली आणि चार पार्टांसाठी कोण चौकीच्या खेपा घालणार म्हणून ते सोडून दिलं. पण त्या दिवसापासून ओपेल गेली, मॉरिस गेली, मग बोरिवलीच्या दोन गाड्या गेल्या. शौकीन लोकांत बातमी पेट्रोलच्या वासासारखी पसरते. होळीपर्यंत रानबदामाखाली एकही परदेशी गाडी उभी नव्हती.

टिपणिसांना आता एकच काम उरलं होतं: अस्सल पार्ट परत जागेवर बसवून घेणं. चौकशी करकरून त्यांना मुलुंडच्या दशरथ कांबळीचं नाव मिळालं. एका शनिवारी गाडी घेऊन, पिशवी मागच्या सीटवर ठेवून, ते पवईवरून मुलुंडला गेले.

दशरथ चाळिशीचा, पानाने तोंड रंगवलेला, बोलका माणूस. टिपणिसांनी पिशवी त्याच्या बाकावर रिकामी केली आणि सांगितलं, "गाडीतले हे चार पार्ट काढ आणि हे बसव. माझे मूळचे जर्मन आहेत. एकाने लांबवले होते."

दशरथने कॉइल उचलली, फिरवून पाहिली. मग मागचं झाकण उघडून आत पाहिलं. मग परत कॉइल पाहिली.

"साहेब, उलटं सांगताय तुम्ही."

"म्हणजे?"

"ही कॉइल अँबॅसेडरची आहे. बारा व्होल्टची. तुमची गाडी सहाची. थंडीत सकाळी स्टार्टिंगला रडायची ना?"

"रडायची," टिपणीस म्हणाले. "आधी."

"रडणारच. हा कार्बोरेटर फियाट टॅक्सीचा. बनवणाऱ्या कंपनीचं नाव तेच असतं वर, म्हणून लोक बनतात. हा पंपपण इकडचाच, खाली जाड पट्टी घालून बसवलेला, हा बघा डाग. आणि हा डिस्ट्रिब्युटर कशाचा आहे देवालाच ठाऊक. कोणीतरी झकास मेकअप करून विकली तुम्हाला गाडी."

टिपणिसांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आणि गाडीत आत्ता जे आहे ते?"

"ते चोख जर्मन. हा नंबर बघा, पिवळ्या रंगातला. आमच्या गावदेवीच्या वर्कशॉपच्या स्टोअरचा नंबर आहे हा. मी लिहायचो." दशरथने झाकणाच्या कडेला कोपर टेकलं. "वर्कशॉप बंद झालं तेव्हा मालकाने जाता जाता आम्हाला एकेक पेटी भरून स्पेअर दिले. मी माझी वर्षात फुंकली. बाकीच्यांनीपण. दत्तारामदादा विकेना. म्हणायचा, ज्या गाडीचा जिन्नस त्या गाडीत जाऊ दे. त्यानेच बसवलंय ना हे?"

टिपणिसांनी मान हलवली. पिवळा नंबर कार्बोरेटरच्या वरच्याच बाजूला होता, बोटभर लांब. दोन वर्षं ते आरसा घेऊन खालच्या कडा पाहत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. एकतीस वस्तूंवर त्यांनी खुणा केल्या होत्या. पण ती वस्तू मुळात काय आहे, हे एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचं सुचलंच नाही. कागद अस्सल होते ना.

"मग त्याने मला सांगितलं का नाही?" ते म्हणाले. आवाज जरा चढलाच.

दशरथने पिचकारी टाकली. "तुम्ही त्याला काय सांगितलं होतंत?"

परतीच्या वाटेवर पवईच्या तलावाशी टिपणिसांनी गाडी बाजूला घेतली. आता त्यांना गुंदवलीचा रविवार पुन्हा दिसायला लागला आणि नको तितका स्वच्छ दिसायला लागला. दत्तारामने तोंड उघडलं होतं. तो सांगणार होता. मग त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. चार माणसांत टिपणिसांची अस्सल गाडी नकली होती, कॅप्टनने त्यांना शेंडी लावली होती, हे त्याला बोलावं लागलं असतं. त्याने ते गिळलं आणि चोर म्हणवून घेतलं. टिपणिसांना इतकी लाज वाटली की त्यांनी काच खाली करून तोंडावर वारा घेतला. मग, सवयच ती, त्यांनी दत्तारामचा यात काय डाव असेल हेही शोधून पाहिलं. तसा एकही डाव सापडेना. त्याची लाज आणखी वाटली.

घरी त्यांनी वनमालाबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मग उद्या रविवार आहे. सांगून टाका सगळ्यांना."

"सांगतो."

पण उद्याच्या रविवारी डॉक्टरांनी एका नव्या माणसाला आणलं होतं आणि त्याच्यासमोर ते म्हणाले, "हे टिपणीस. यांच्या गाडीवर दरोडा पडला होता, पण यांनी चोर पकडला." नवा माणूस इतक्या आदराने पाहू लागला की टिपणिसांनी मागचं झाकण उघडून त्याला इंजिनच दाखवलं. पुढच्या रविवारी ऊन फार होतं. त्याच्या पुढच्या रविवारी जयंतीभाई आले नव्हते आणि सगळे असताना एकदाच सांगावं असं टिपणिसांनी ठरवलं. माणसाला जे करायचं नसतं त्याला मुहूर्त भेटत नाही. वनमालाबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवसापासून जेवताना त्या फक्त मीठ, आमटी एवढंच बोलू लागल्या.

चौथ्या रविवारी टिपणिसांनी पुन्हा वर्तमानपत्र पसरलं, पार्ट मांडले आणि सांगितलं. कॅप्टनने फसवलं ते सांगितलं, पिवळा नंबर दाखवला, दशरथ काय म्हणाला ते सांगितलं. "दत्तारामने माझं काही घेतलं नाही. दिलं. मी त्याच्यावर आळ घेतला." हे वाक्य त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"टिपणीस, हा मुलुंडचा माणूस पूर्वी त्याच वर्कशॉपमध्ये होता ना? दत्तारामबरोबर?"

"हो."

"मग झालं तर. तो काय त्याच्याविरुद्ध बोलणार? नंबर काय, रंगाची डबी घेतली की कोणीही लिहील."

"मी स्वतः पाहिलंय, डॉक्टर."

"तुम्ही भले माणूस आहात," डॉक्टर म्हणाले. जयंतीभाईंनीही मान डोलावली. पार्ट उचलून एकालाही पाहावासा वाटला नाही.

टिपणीस रागावू शकले नाहीत. दोन साक्षीदार एकाच गॅरेजचे असले तर साक्ष धरू नये, हा नियम त्यांनीच या मंडळींना मागे एकदा रंगवून सांगितला होता. डॉक्टरांच्या जागी ते असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं. त्यांनी पार्ट पिशवीत भरले आणि गाडी थेट गुंदवलीला नेली.

शेडला कुलूप होतं. पत्र्यावर खडूने दुसऱ्याच कोणाचं तरी नाव लिहिलेलं होतं. सोनूबाईने त्यांना ओळखलं, पण 'बसा' म्हटलं नाही. एका गिऱ्हाइकाला चहा देऊन झाल्यावर तिने सांगितलं की गेल्या सोमवारीच तो गेला. मरोळच्या एमआयडीसीत कसल्याशा कंपनीच्या डिलिव्हरी व्हॅन दुरुस्त करायला लागला आहे. टिपणिसांनी मनात रविवार मोजले. पहिल्या नाही तर दुसऱ्या रविवारी बोलले असते तरी तो इथेच भेटला असता.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून लवकर सुटून पाचलाच मरोळला त्या कंपनीच्या फाटकासमोर जाऊन थांबले. साडेपाचचा भोंगा झाला आणि आतल्या बाजूला कामगारांची रांग लागली. एकेकाने पुढे यायचं, दोन्ही हात वर करायचे. पहारेकरी खिसे चाचपी, कमर चाचपी, डबा उघडून बघे. मग जाऊ देई.

दत्ताराम रांगेत सातवा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पूर्ण पँट. त्याने टिपणिसांना फाटकाच्या गजांतून पाहिलं आणि ओळखीची मान हलवली. पाळी आल्यावर त्याने हात वर केले. पहारेकरी पंचविशीचा होता, कामाचा पक्का. त्याने शर्टाचे खिसे उलटे केले, पँटवरून घोट्यापर्यंत हात फिरवला, डबा उघडायला लावला आणि झाकणाची आतली बाजूही पाहिली. टिपणिसांना मान फिरवायची होती, ती फिरेना. बावीस वर्षं ते लोकांना तपासत आले होते. तपासला जाणारा माणूस कसा उभा राहतो, हे त्यांनी आज पाहिलं. दत्ताराम सरळ उभा होता, समोर बघत.

तो बाहेर आला. "बराच लांब इलात, साहेब."

"दत्ताराम, मी चुकलो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा टिपणिसांच्या तोंडून त्याच्यासाठी 'तुम्ही' आलं: "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"चार माणसांत काय बोलू? तुमी ती गाडी किती खुशीत आणलेली." दत्तारामने डबा दुसऱ्या हातात घेतला. "माका वाटला, हळूहळू सगळा खरा करून टाकू. मग सांगूची गरजच ऱ्हवची नाय."

"काल मी सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते."

"मग?"

"कोणी ऐकलं नाही."

"नाय ऐकूचे," दत्ताराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर टिपणिसांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही पुन्हा सुरू करा. मी माझी गाडी आणतो. एक आली की बाकीच्या येतील."

दत्तारामने नुसती नाही म्हणून मान हलवली. मग रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या फिकट निळ्या गाडीकडे पाहिलं. "चालू करा बघू," तो म्हणाला.

टिपणीस धावतच गेले. त्यांनी इंजिन चालू केलं, मागे येऊन झाकण वर केलं आणि बाजूला झाले. दत्ताराम जवळ आला. डबा त्याने खाली फूटपाथवर ठेवला, दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं आणि तसाच पुढे वाकला. फाटकातून बाहेर पडणारे कामगार त्याला वळसा घालून जात होते. तो बराच वेळ ऐकत राहिला. टिपणीस वाट पाहत होते की आता त्याचा हात पुढे येईल, थ्रॉटलला लागेल, कुठलीतरी तार जराशी सरकवील. हात मागेच राहिले.

"उजवीकडचो मागचो टॅपेट वाजता," तो सरळ होत म्हणाला. "दशरथाक सांगा, इंजिन थंड आसताना सेट कर म्हणान."

"तुम्हीच बघा ना जरा."

"झाकण तुमीच लावा, साहेब," दत्ताराम म्हणाला. त्याने डबा उचलला. टिपणिसांनी इंजिन बंद करून झाकण लावलं तोवर तो रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला होता.